बोटभर सळई

लिएपायात समुद्रावरून वारा सुटला
की तालमीच्या खोलीची एक खिडकी घुमते,
जराशी उतरलेल्या सुरात.
गुन्वाल्दिस तिच्याकडे असा बघतो
की ती जणू उशिरा आलेली व्हायोलिनवाली.
मग खाली बसतो. आधी एक गुडघा.
बऱ्याच वेळाने दुसरा.

डबल बास कुशीवर,
वाळूत ओढून ठेवलेल्या होडीसारखा.
बुडाचा पितळी स्क्रू अर्धा फेरा सैल,
सळई कुरकुरत आत जाते.
‘पुरे?’ तो मला विचारतो.
मी काय सांगणार!
नऊ वर्षं त्याच्या डाव्या हाताला उभी आहे,
पानं उलटते, राळ उसनी देते,
आणि त्याच्या वाकण्याची चर्चा करत नाही.

त्याचं शास्त्र साधं आहे.
तारा जिथे सुरू होतात ते वरचं टोक भुवईपाशी.
उजवा हात मोकळा सोडावा,
गज आपोआप पडेल तिथे घोडी चार बोटं खाली असावी.
तालीम असेल तर बर्फाचे जाड बूट धरून मोजायचं,
मैफल असेल तर काळे, पातळ तळव्याचे.
‘बूट बदलला की माणूस बदलतो,’ म्हणतो,
‘लाकडाला काय, ते तेवढंच राहतं.’

मार्चमध्ये तो पाठ दाखवायला रीगाला गेला.
सळईचं रबर झिजलं होतं, तेवढं बदलायचं म्हणून
मी ती अख्खी बाहेर काढली.
अंगावर चरे होते.
कानशीने घासलेले, बारीक, सरळ, एकूण सात,
आणि प्रत्येकाशेजारी खिळ्याने कोरलेलं साल.
वाटलं, सात सभागृहांच्या खुणा असतील.
कुठे फळ्या उंच, कुठे दगडी फरशी.

मग कुल्डिगाची आठवण झाली,
आईच्या स्वयंपाकघराची चौकट,
तिच्यावरच्या माझ्या नि भावाच्या पेन्सिलरेघा.
त्या वर चढत गेल्या होत्या.
या टोकाकडे उतरत होत्या.
सत्त्याऐंशीची सगळ्यांत लांब,
पुढची तिच्यापेक्षा तसूभर कमी,
त्यापुढची अजून.
शेवटच्या दोन रेघांत नुसतं नखाएवढं अंतर,
आणि तीनच वर्षं.

राळेचा वास, हातात थंड लोखंड,
मी जमिनीवर बसून राहिले.
परत घालताना कुठे थांबवायची?
शेवटच्या रेघेवर. अर्थातच.
मी तिच्या आधीच्या रेघेवर थांबवली
आणि स्क्रू आवळला.
का, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

तो आला. बास उभा केला.
गज घोडीला चिकटून पडला, खर्ज खरखरला.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
पाय थोडे जवळ घेतले, मान वर काढली,
खांदे मागे गेले,
कोट पुढून पहिल्यांदाच रिकामा वाटला.
त्या दिवशी खर्ज पूर्ण खोलीभर पसरला.
‘रबर नवं आहे,’ मी म्हटलं.
‘दिसतंय,’ तो म्हणाला.

संध्याकाळची मैफल त्याने तशीच वाजवली,
ताठ, दीड तास.
मध्यंतरात भिंतीला टेकून उभा राहिला,
बसला नाही,
बसलं तर उठता येणार नाही म्हणून असेल.

सकाळी मी लवकर पोचले.
दोन खुर्च्या समोरासमोर लावलेल्या,
वर बास आडवा, खाली त्याचा मफलर घातलेला.
म्हणजे न वाकता केलं होतं सगळं.
सळई सातही रेघांच्या पलीकडे आत गेलेली,
बाहेर उरलेली जेमतेम बोटभर.
तिथे अजून चरा नव्हता.
खुर्चीच्या कडेवर कानस होती,
बाजूला खिळा.

खिडकी घुमत होती.
मी कोट न काढताच
मफलरवरचे लोखंडाचे कण झटकले,
आणि तो यायच्या आत
बर्फाचे बूट पुसायला दाराशी गेले.